पाइनवुड डर्बीची पहिली गाडी: फास्ट पळवायची असेल तर वेळ कुठे घालवायचा

जानेवारी उजाडला की अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो, पोरगा कब स्काउटमधून, म्हणजे लहान पोरांच्या स्काउटमधून, एक लाकडाचा ठोकळा आणि चार प्लास्टिकची चाकं घेऊन आलाय, पाइनवुड डर्बी, म्हणजे घरी बनवलेल्या छोट्या लाकडी गाड्यांची उतारावरची रेस, तीन आठवड्यांवर आहे, कुणाकडे करवत आहे का. आपण शाळेत स्काउट म्हणजे गळ्यात स्कार्फ, दोरीच्या गाठी आणि ती खरी कमाई एवढंच बघितलेलं, घरात सुतारकाम कुणी केलेलं नसतं, अमेरिकेत येऊन फार तर आयकियाचं कपाट जोडलेलं असतं. मग पहिल्या वर्षी होतं काय, तर सगळे वीकेंड गाडीचा आकार आणि रंग यात जातात आणि चाकं रेसच्या आदल्या रात्री अकरा वाजता ठोकली जातात. आमच्या पॅकमध्ये, म्हणजे कब स्काउटच्या आमच्या गटात, नवीन घरांसाठी गॅरेजमध्ये वर्कशॉप असतं तिथे मी मदतीला असतो, आणि दरवर्षी हेच सांगतो की वेळ उलटा लावा. आकाराला एक दुपार पुरे. बाकी सगळा वेळ चार खिळे (चाकं ज्यांच्यावर फिरतात ते), चार चाकं आणि वजन यांना द्या.

थोडं मागचं सांगतो म्हणजे हे प्रकरण काय आहे ते कळेल. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला डॉन मर्फी नावाचे कबमास्टर, म्हणजे पॅकचे प्रमुख होते, त्यांच्या मुलाला सोप बॉक्स डर्बीत, म्हणजे बिनइंजिनच्या गाडीत स्वतः बसून उतारावर करतात त्या रेसमध्ये, भाग घ्यायचा होता पण त्याचं वय बसत नव्हतं, म्हणून त्यांनी घरी बनवता येईल अशी छोटी लाकडी गाडी आणि उताराचा ट्रॅक काढला. पहिली रेस १५ मे १९५३ ला झाली, पुढच्याच वर्षी स्काउटच्या बॉइज लाइफ मासिकात प्लॅन छापून आला आणि तेव्हापासून हे देशभर चालू आहे. स्काउट संस्थेचं नाव २०२५ मध्ये बदलून स्काउटिंग अमेरिका झालं, मुलीही कब स्काउटमध्ये २०१८ पासून आहेत, पण ठोकळा तोच.

सगळ्यात आधी रूल्स

किट फोडायच्या आधी आपल्या पॅकचा रूल्सचा कागद मागून घ्या आणि खरंच वाचा. सगळीकडे साधारण सारखं असतं ते असं: वजन जास्तीत जास्त ५ औंस म्हणजे १४१.७ ग्रॅम, लांबी ७ इंच, रुंदी चाकांसकट पावणेतीन इंच, खालून ३/८ इंच मोकळं पाहिजे आणि दोन बाजूच्या चाकांच्या मधे पावणेदोन इंच. हे शेवटचे दोन आकडे उगाच नाहीत, ट्रॅकच्या प्रत्येक लेनच्या मधोमध १ ५/८ इंच रुंद आणि पाव इंच उंच पट्टी असते, गाडी त्या पट्टीला दोन बाजूंनी पाय फाकवून पळते. खाली वजन लोंबत असेल तर ते पट्टीला घासणार आणि गाडी मधेच थांबणार.

बाकीच्या गोष्टी पॅकप्रमाणे बदलतात आणि भांडणं त्यावरूनच होतात. ठोकळ्याला आधीच असलेल्या खाचाच वापरायच्या का नवीन भोकं पाडलेली चालतात, खिळा वाकवलेला चालतो का, एक चाक जमिनीपासून उचललेलं चालतं का, वंगणाला ऑइल चालतं का फक्त ग्रॅफाइटची पूड, चाकाला किती घासलेलं चालतं. हे पाच प्रश्न विचारा, उत्तर लेखी असेल तर उत्तम. यूट्यूबवर बघून केलेली गाडी चेक-इनच्या टेबलावर नापास झाली तर समोर सात वर्षांचं पोर उभं असतं आणि त्याला रूल समजावून सांगणं फार अवघड जातं.

ठोकळा हातात घेतल्यावर

ठोकळा पाइनचा, ७ इंच लांब, पावणेदोन इंच रुंद, सव्वा इंच उंच, कोरा असताना साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम भरतो. खालच्या बाजूला आडव्या दोन खाचा असतात, त्यांच्यात ४ ३/८ इंचाचं अंतर. नीट बघितलं तर एक खाच एका टोकाच्या जवळ असते आणि दुसरी टोकापासून जरा लांब. जवळची खाच मागे ठेवा. म्हणजे मागचं चाक शक्य तितकं मागे जातं आणि वजनही मागे नेता येतं, त्याचं कारण खाली सांगतो. गंमत म्हणजे बहुतेक नवीन लोक उलटं करतात कारण पुढे नाक लांब असलं की गाडी रेसिंग कारसारखी दिसते.

मग खाच काटकोनात आहे का ते बघा. गुण्या असेल तर गुण्या लावा, नाहीतर क्रेडिट कार्डाची एक कड ठोकळ्याच्या बाजूला आणि दुसरी खाचेला लावून बघा. तिरकी असेल तर गाडी जन्मभर एका बाजूला ओढणार. असा ठोकळा बदलून मागा, ज्याने किट वाटले त्याच्याकडे एक-दोन जादा असतातच.

आकार

ट्रॅकची सुरुवात जमिनीपासून साधारण चार फूट उंच असते आणि गाडीला इंजिन नाही, जे काय मिळणार ते या चार फुटांतून. चार फुटांवरून खाली येताना जास्तीत जास्त स्पीड ताशी १७-१८ किलोमीटर होऊ शकतो, त्यातही घर्षणात थोडा जातो. एवढ्या स्पीडला हवेचा अडथळा असतो पण थोडा असतो. तेव्हा शार्क, बॅटमोबाइल, विमान यात डोकं घालण्यापेक्षा साधी पाचर कापा, पुढे अर्धा इंच आणि मागे पाऊण-एक इंच. पाचरीचा खरा फायदा हा की लाकूड कमी झालं की तेवढंच वजन आपल्याला पाहिजे तिथे धातूच्या रूपात टाकता येतं.

दोन जागा मात्र कापायच्या नाहीत. खाचांच्या वर किमान ३/८ इंच लाकूड राहू द्या नाहीतर खिळा ठोकताना फुटतं. आणि पुढचं नाक मधोमध सपाट ठेवा, कारण सुरुवातीला गाडी ट्रॅकवरच्या एका पिनला टेकून उभी असते, ती पिन खाली पडली की गाडी सुटते. नाक टोकदार किंवा मधे खोबणीचं केलं तर गाडी पिनला नीट टेकत नाही आणि तिरकी सुटते.

पोराला कागदावर बाजूचं चित्र काढू दे, ते कापून ठोकळ्यावर चिकटवा. एका लेकीला गाडीवर काळा-पिवळा रंग आणि छपरावर कॅरिअर पाहिजे होतं, मुंबईची टॅक्सी. छपराची उंची परवडणारी नव्हती म्हणून टॅक्सी बाजूने फक्त रंगवली, कॅरिअर कार्डबोर्डचं चिकटवलं, आणि तिचं समाधान झालं. दिसायचा भाग रंगावर सोडला की बहुतेक हट्ट असे सुटतात.

वजनाची भोकं कापायच्या आधी पाडा

हे कुठल्याही सूचनापत्रकात ठळक लिहिलेलं नसतं. ठोकळा चौकोनी असतो तोवर तो क्लॅम्पमध्ये सरळ बसतो, ड्रिलखाली सरळ उभा राहतो. एकदा पाचर कापली की तो घसरायला लागतो आणि भोक वाकडं जातं. तेव्हा आधी चित्र, मग भोकं, मग करवत.

वजन कशाचं घालायचं ते बजेटवर आहे. दुकानात स्काउटचं म्हणून जे मिळतं ते बहुतेक झिंक असतं, स्वस्त, पण हलकं म्हणजे जागा जास्त खातं. टंगस्टनची घनता १९.३, शिशाची ११.३, झिंकची सातच्या आसपास. म्हणजे साठ ग्रॅम टंगस्टन जेमतेम तीन घन सेंटिमीटरमध्ये बसतं तिथे झिंकला आठच्या वर लागतात. पाव इंचाचे टंगस्टनचे छोटे ठोकळे मिळतात, एक साधारण साडेचार ग्रॅमचा, ते भोकात ओळीने रचायला फार सोयीचे. महाग आहेत, पण रेस झाली की काढून पुढच्या वर्षी वापरता येतात, आमच्याकडे तर धाकट्याच्या गाडीत थोरल्याचं टंगस्टन असतं. शिसं मासेमारीच्या दुकानात स्वस्तात मिळतं पण ते विषारी आहे, पोराच्या हाताला लागू द्यायचं नाही, कापलं-घासलं तर धूळ उडते आणि काही पॅक ते चालवूनच घेत नाहीत. मी म्हणेन नकोच.

आता वजन मागे का ते बघू. गाडी उतारावर उभी असते, मागचा भाग वर. वजन जेवढं मागे तेवढं सुरुवातीला ते उंचावर. उतार तीस अंशांचा धरला तर वजनाचा मध्य एक इंच मागे नेल्यावर तो अर्धा इंच वर जातो. चार फुटांत अर्धा इंच म्हणजे एक टक्का, त्याने खालच्या सपाट भागात स्पीड साधारण अर्धा टक्का वाढतो. अर्धा टक्का ऐकायला काहीच नाही पण फिनिशपर्यंत त्याचं दीड इंच वगैरे अंतर होतं, आणि पहिल्या-दुसऱ्या नंबरात बऱ्याचदा एवढंच अंतर असतं.

म्हणून सगळं शेपटीत कोंबायचं का? नाही. सगळं वजन लावून गाडी पेन्सिलवर आडवी तोलून बघा, तोल मागच्या खिळ्याच्या पुढे साधारण एक इंचावर यायला पाहिजे. याहून मागे गेलं की पुढची चाकं नुसती टेकलेली राहतात आणि उतार संपून सपाट सुरू होतो त्या वळणावर गाडी नाचते, पट्टीला आपटते, जे कमावलं ते जातं. तुमचा पॅक जुना लाकडी ट्रॅक वापरत असेल, जोड असलेला, तर सव्वा इंच ठेवा. अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रॅकवर एक इंच बिनधास्त.

भोक मागच्या खाचेच्या पुढे आणि मागे पाडा, खाचेत घुसू देऊ नका. ३/८ चा बिट बहुतेक गोल वजनांना चालतो. शिवाय खालच्या बाजूने एक छोटं भोक रिकामं ठेवा, शेवटचे दोन-तीन ग्रॅम त्यात टंगस्टनच्या पुट्टीने भरायचे आहेत.

करवत आणि रंग

इलेक्ट्रिक हत्यारं फक्त मोठ्यांनी चालवायची, हा स्काउटचाच नियम आहे. पण कोपिंग सॉ, म्हणजे ती बारीक पात्याची हातकरवत, तिसरी-चौथीतलं पोर व्यवस्थित चालवतं, ठोकळा क्लॅम्पमध्ये घट्ट असला आणि मोठं माणूस शेजारी असलं तर. त्याला वेळ लागतो, रेघ वाकडी होते, होऊ दे, घासताना सरळ करता येते. किंडरगार्टन आणि पहिलीतल्यांनी चित्र, घासणं, रंग आणि ग्रॅफाइट एवढं करावं, ते भरपूर आहे. बाबालोकांची हौस फिटत नाही हे मला माहीत आहे, म्हणून बऱ्याच पॅकमध्ये मोठ्यांची वेगळी रेस ठेवतात, तुमच्याकडे नसेल तर सुचवा, पोराची गाडी वाचेल.

घासायला ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १५०, मग २२०. दिशा लाकडाच्या रेषांबरोबर. रंग स्प्रेचा असेल तर पातळ दोन-तीन हात, आणि खाचांवर आधी मास्किंग टेप, खाचेत रंग गेला तर खिळा नीट बसत नाही. न्यू जर्सी किंवा शिकागोच्या जानेवारीत गॅरेजमध्ये स्प्रे मारायला जाऊ नका, रंग वाळत नाही, चिकट राहतो आणि त्यावर बोटांचे ठसे उमटतात. एखादा उबदार दिवस गाठा किंवा सरळ ब्रशने अ‍ॅक्रिलिक लावा, घरातही चालतं, वासही नाही. रंग वाळायला पूर्ण दोन दिवस द्या.

खिळे, इथे खरी रेस आहे

एक्सल म्हणून किटमध्ये जे येतं ते खिळे असतात, साधारण सव्वादोन मिलिमीटर जाड. भिंग लावून बघा, किंवा फोनच्या कॅमेऱ्यात झूम करा. डोक्याच्या खाली दोन छोटे उंचवटे दिसतील, साच्याच्या पकडीचे, आणि डोक्याच्या आतल्या कडेला बारीक खरखर. चाक नेमकं याच जागी फिरतं. पोराला नखाने तपासायला सांगा, नख अडकतं ते त्याला लगेच कळतं आणि मग पॉलिश का करायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

खिळ्याचं टोक ड्रिलच्या चकमध्ये धरा, डोकं बाहेर. ड्रिल मोठ्या माणसाच्या हातात, कमी स्पीडला. आधी बारीक कानस घेऊन ते उंचवटे काढा, मग डोक्याची आतली बाजू किंचित तिरकी करा म्हणजे चाकाचा तुंबा (भोकाभोवतीचा मधला जाड भाग) डोक्याला पूर्ण चिकटून न घासता एका बारीक कडेवर टेकेल. हे दोन्ही मिळून अर्धा मिनिट, जास्त नको, खिळा बारीक झाला की चाक डगडगतं. मग पॉलिश पेपरच्या अर्धा इंच रुंद पट्ट्या कापून पाण्यात भिजवा, ४००, ६००, १०००, २०००, या क्रमाने, आणि फिरत्या खिळ्यावर पट्टीची दोन टोकं धरून पुढे-मागे करा. ही पट्टी पोराच्या हातात द्यायला हरकत नाही, डोळ्याला चष्मा, बाह्या वर, लांब केस बांधलेले. नंबर बदलताना खिळा पुसायचा, नाहीतर जाड पेपरचे कण बारीक पेपरखाली येऊन परत ओरखडे पाडतात. शेवटी मेटल पॉलिश कपड्यावर घेऊन एकदा, आणि मग साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन पुसून कोरडं करायचं, पॉलिशचा अंश राहिला तर ग्रॅफाइट धरत नाही. पीतांबरीचा मोह टाळा, देवाच्या भांड्यांना ठीक आहे, इथे फार खरखरीत पडते.

झालं की भिंगाखाली परत बघा. ओरखडा दिसला तर एक पायरी मागे. आणि सपाट काचेवर लोळवून बघा, वाकडा खिळा उड्या मारतो, तो बाजूला काढा. जादा खिळ्यांची पुडी घेतलेली असली की चांगले चार निवडता येतात, दोन-तीन डॉलरचं काम आहे आणि माझ्या मते सगळ्या खर्चात हाच खर्च सगळ्यात वसूल होतो.

चाकं

चाकाच्या बाहेरच्या कडेवर साच्याची शिवण किंवा एक छोटा टिपका असतो. ६०० नंबरने हलक्या हाताने तेवढाच काढा. चाक पातळ करणं, कडा गोल करणं, आतून खरवडून हलकं करणं यावर बहुतेक पॅकमध्ये बंदी आहे, कारण हलकं चाक फिरवायला शक्ती कमी लागते आणि त्याचा फायदा खरंच मोठा असतो. चाकाच्या आतल्या बाजूला साच्याचा नंबर कोरलेला असतो, एकाच नंबरची चार मिळाली तर बरं, मित्रमंडळींत अदलाबदल करा.

भोक आतून साफ करायला पाइप क्लीनर घ्या, त्यावर प्लास्टिक पॉलिशचा थेंब, पाच-दहा वेळा फिरवा, धुवा, कोरडं करा. पॉलिश पेपर भोकात अजिबात घालायचा नाही, भोक मोठं झालं की चाक डुलणार.

मग ग्रॅफाइट. हे काम जुन्या वर्तमानपत्रावर किंवा बाहेर करा, कार्पेटवर सांडलं तर डाग निघत नाही आणि पुढचं बोलणं मी इथे लिहीत नाही. खिळा चाकात घाला, दोन्ही बाजूंनी चिमूटभर ग्रॅफाइट टाका, चाक फिरवा, परत टाका, परत फिरवा, आठ-दहा वेळा. तुंब्याची गाडीकडची बाजू आणि गाडीवर ती जिथे घासणार तिथला लाकडाचा गोल, तिथेही बोटाने किंवा मऊ पेन्सिलने चोळा. हे पोरं आनंदाने करतात, हात काळे होतात म्हणून जास्तच. डब्ल्यूडी-४०, शिलाईमशीनचं तेल, खोबरेल, यातलं काही लावू नका, बऱ्याच पॅकच्या रूल्समध्येही बसत नाही आणि ग्रॅफाइटबरोबर त्याचा चिखल होतो.

चारही चाकं एकेक करून हातात धरून सारख्या जोराने फिरवा आणि कोण आधी थांबतं ते बघा. जे बाकीच्यांच्या निम्म्यात थांबतं त्याचा खिळा किंवा भोक परत तपासायचं.

जोडणी

खिळे खाचेत सरळ हातोडीने ठोकायचे नाहीत. आधी चाकाशिवाय एक साधा, पॉलिश न केलेला खिळा खाचेत घालून काढा, म्हणजे वाट मोकळी होते. मग चाकासकट चांगला खिळा पकडीने धरून दाबत न्या, लागलंच तर हलके दोन ठोके. चारही खिळे खाचेच्या एकाच अंगाला टेकलेले पाहिजेत, म्हणजे सगळे तळाशी आणि सगळे एकाच बाजूला, नाहीतर एक चाक वर राहतं. चाक आणि लाकूड यात क्रेडिट कार्डाच्या जाडीएवढी फट, साधारण एक मिलिमीटर. खरंच कार्ड घाला, मग खिळा दाबा, मग कार्ड काढा. फट कमी झाली तर चाक चेपलं जातं, जास्त झाली तर गाडी ट्रॅकवर डावी-उजवी हेलकावते. ग्लू अजून नाही.

गाडी सरळ जाते का

चार फुटांची सपाट फळी घ्या, मधोमध टेपची सरळ रेघ, एक टोक दोन पुस्तकांवर. फळी आडवी लेव्हल आहे का ते फोनच्या अ‍ॅपवर बघा. गाडी रेघेवर सोडा, ढकलू नका, आणि खाली येईपर्यंत किती बाजूला गेली ते बघा. मग फळी उलटी फिरवून परत सोडा, दोन्ही वेळा एकाच बाजूला गेली तर दोष गाडीचा, बाजू बदलली तर फळीचा. चार फुटांत एक इंचाच्या आत राहिली तर पहिल्या गाडीला एकदम पास.

जास्त जात असेल तर पुढचा खिळा पकडीने डोक्याला धरून थोडासा गोल फिरवा, कुठलाच खिळा शंभर टक्के सरळ नसतो त्यामुळे फिरवल्यावर चाकाची दिशा किंचित बदलते. सोडा, बघा, परत फिरवा. हे काम कंटाळवाणं आहे आणि एक संध्याकाळ खातं, पण नवीन घरांच्या गाड्या मागे पडतात त्या बहुतेक इथेच. पट्टी आणि चाकं यांच्यात एकूण चार-पाच मिलिमीटरचीच मोकळी जागा आहे, त्यामुळे वाकडी गाडी खाली येईपर्यंत पट्टीला एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने धडकत येते, टाळ्यांच्या आवाजात ते कुणाला कळतही नाही.

अनुभवी लोक मुद्दाम उलटं करतात, त्याला रेल रायडर म्हणतात. एक पुढचं चाक किंचित आत वळवून गाडी पूर्णवेळ पट्टीला हलकी टेकून चालवायची, म्हणजे हेलकावे नाहीत, मागची दोन चाकं बाहेर सरकून खिळ्याच्या डोक्याशी राहतात आणि गाडीच्या अंगाला घासत नाहीत, आणि दुसरं पुढचं चाक उचलून तीन चाकांवर पळवायचं म्हणजे एक चाक फिरवायची शक्ती वाचली. फास्ट आहे यात वाद नाही. पण त्याला वाकवलेला खिळा लागतो, सगळे पॅक परवानगी देत नाहीत, आणि अर्धवट जमलं तर साध्या सरळ गाडीपेक्षा हळू पळते. पहिल्या वर्षी नको.

सरळ जायला लागली की खालून खाचेत टूथपिकने एपॉक्सीचा किंवा पांढऱ्या ग्लूचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. सुपरग्लू नको, तो पाण्यासारखा वाहत जातो आणि चाकाच्या भोकात शिरला तर सगळी मेहनत तिथेच चिकटली.

शेवटचं वजन

घरातला किचनचा काटा, चकलीच्या भाजणीसाठी आणलेला, साधारण अंदाजाला ठीक आहे पण पॅकच्या काट्याशी त्याचा एखाद-दोन ग्रॅमचा फरक असू शकतो. घरी १४० ग्रॅमला थांबा आणि उरलेली पुट्टी खिशात घेऊन जा. जड गाडी का हवी, तर गुरुत्वाकर्षण सगळ्यांना सारखंच खेचतं पण हवा आणि चाकं फिरवायचा खर्च साधारण ठरलेला असतो, जड गाडीला तो प्रमाणात कमी पडतो. साडेचार औंसाची गाडी छान घासलेल्या चाकांवरही मार खाते, हे दरवर्षी दिसतं, आणि बिचाऱ्यांना पुट्टी मागायचीही कल्पना नसते.

रेसचा दिवस

गाडी शूबॉक्समध्ये टॉवेलवर, चाकं मोकळी राहतील अशी. बरोबर पुट्टी, ग्रॅफाइट, ग्लू, टूथपिक, छोटी पकड आणि टेप. चेक-इनला काटा ५.०० च्या वर गेला तर पुट्टी चिमटीने काढत जा, कमी असेल तर घालत जा, काट्यावर ४.९९ किंवा ५.०० दिसेपर्यंत. काही पॅक आदल्या संध्याकाळीच गाड्या जमा करून घेतात, तेव्हा शेवटचं ग्रॅफाइट घरून निघायच्या आधीच झालेलं पाहिजे, एकदा टेबलावर दिली की हात लावता येत नाही.

जमा करताना पोराला सांगून ठेवा की गाडी मधून वरून धरायची, चाकांना नाही, आणि जमिनीवर व्रूम व्रूम करायची नाही, रेसच्या आधी बरेच खिळे त्यातच वाकतात. ट्रॅकवर गाड्या पोरं स्वतः ठेवणार असतील तर घरी फळीवर सराव करून घ्या: पट्टीच्या दोन्ही बाजूंना चाकं, नाक पिनला टेकलेलं, मागून बघितलं तर सरळ.

बऱ्याच ठिकाणी प्रत्येक गाडी सगळ्या लेनमधून एकेकदा पळते आणि वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून सरासरी काढतात, त्यामुळे एका हीटमध्ये, म्हणजे एका फेरीत, शेवटून पहिला आला म्हणून पोराचा चेहरा पडला तर त्याला बोर्डवरची वेळ दाखवा, त्याच्या लेनमध्ये बाकीच्या गाड्यांना किती लागले ते बघायला शिकवा. लेन लेनमध्ये फरक असतो.

आणि नंबर आला, डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे भागातल्या सगळ्या पॅकच्या रेसला जायचं ठरलं, तर खिळे काढून परत पॉलिश करायच्या भानगडीत पडू नका, अलाइनमेंट जाते. फक्त ग्रॅफाइट टाका, तिथले रूल्स वेगळे आहेत का ते बघा आणि वजन परत करा, लाकूड हवेतला ओलावा घेतं-सोडतं आणि काठावरच्या ५.०० ची गाडी तिथल्या काट्यावर ५.०१ दाखवू शकते.